कोंकणांतील बेने इस्राएल व त्यांचीं मराठी आख्यानें

पश्चिम किनाऱ्यावरील बेने इस्राएल समाजाविषयीं आपल्याकडे जें लेखन झालें आहे, तें बहुतेक उत्पत्तीच्या प्रश्नाभोंवतींच घोटाळतें. अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटलें, सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या, बुडालेल्यांचीं प्रेतें तेथेंच पुरलीं, वांचलेल्यांनीं कोंकणांत तेलाचे घाणे धरले, शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांस "शनवार तेली" हें नांव पडलें. येथपर्यंतची दंतकथा सर्वांस पाठ आहे. ती किती शतकांपूर्वींची व तींत इतिहासाचा अंश किती, हा वाद पुष्कळ चालला आहे. त्या वादांत शिरण्याचा प्रस्तुत लेखकाचा विचार नाहीं. या समाजानें एकोणिसाव्या शतकांत आपल्या धर्मग्रंथांतील कथा मराठींत आणिल्या, छापिल्या व टाळमृदंगावर गाइल्या. तें वाङ्मय वाङ्मय या दृष्टीनें कसें आहे, आणि त्या कथांचा त्यांच्या घरांतील रोजच्या जीविताशीं कोणता सांधा जुळला, एवढाच प्रश्न येथें घेतला आहे.

याविषयीं दोन मतें प्रचलित आहेत. पहिलें मत असें कीं, हा समाज आपला धर्म विसरलेला होता. तो त्यास आधीं कोचीनच्या यहुद्यांनीं व मागाहून पाद्री लोकांनीं शिकविला, आणि मराठी कीर्तनें हा त्या शिकवणीचा देशी अवतार होय. दुसरें मत अलीकडचें व ऐकण्यास गोड आहे. त्याप्रमाणें हीं कीर्तनें म्हणजे हिंदु व यहुदी संस्कृतींचा मिलाफ होत. पहिल्या मतांत पोथीस सर्वस्व मानिलें आहे, दुसऱ्यांत चालींस व वाद्यांस. घर मात्र दोन्ही पक्षांच्या नजरेंतून सुटलें. आमच्या मतें या वाङ्मयाची किल्ली घरांतच, किंबहुना स्वयंपाकघरांत आहे.

हें स्पष्ट होण्यास मीमांसकांच्या एका विभागणीचें साहाय्य होतें. वेदवाक्यांत त्यांनीं विधि व अर्थवाद असा भेद केला. अमुक करावें हा विधि. त्याची स्तुति करणारी किंवा त्याचें कारण सांगणारी कथा हा अर्थवाद. वायुदेवतेच्या शीघ्र गतीची प्रशंसा एकटी निरुपयोगी ठरेल. त्या देवतेच्या यागाचा विधि जवळ ठेवला म्हणजे दोहोंची एकवाक्यता होते व कथेस प्रयोजन येतें. तोरेची घडणही पुष्कळशी अशीच आहे. तिच्या पांच ग्रंथांपैकीं पहिला जवळजवळ सर्व कथारूप, तिसरा जवळजवळ सर्व विधिरूप, बाकीच्यांत दोन्ही मिसळलेले. मराठी बायबलांत पांचव्या ग्रंथास "अनुवाद" हें नांव आहे. प्रमाणान्तरानें ज्ञात झालेल्या गोष्टीचें पुनःकथन तो अनुवाद, असा शास्त्रार्थ आहे. आणि मोशेनें मरणापूर्वीं जुनी हकीगत व जुने नियम लोकांस पुन्हा सांगितले, हाच त्या ग्रंथाचा विषय. हें नांव ज्यानें योजिलें त्याचें आम्ही मनोमन अभिनंदन करतों.

परंतु तोरेंत आणखी एक विशेष आहे, तो आमच्या ब्राह्मणग्रंथांत आढळत नाहीं. निर्गमाच्या ग्रंथांत वल्हांडणाचा विधि सांगून झाल्यावर असें म्हटलें आहे कीं, पुढें तुमचीं मुलें या आचाराचा अर्थ विचारतील, तेव्हां त्यांस मिसरांतून सुटल्याची गोष्ट सांगा. म्हणजे आधीं घरांत कांहीं तरी केलें जातें. तें पाहून मूल विचारतें. आणि त्या प्रश्नाचें उत्तर म्हणून कथा जन्मास येते. सणाच्या रात्रीं वाचावयाच्या "हग्गादा" या पोथींत हाच क्रम बांधून दिला आहे. घरांतील सर्वांत लहान मुलानें आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी कां, असें विचारावयाचें, व मग वडील माणसानें सांगूं लागावयाचें. कथेचा अधिकारी येथें मूल आहे, आणि कथेचें स्थान पानावर बसलेलें घर.

आतां कोंकणाकडे वळूं. या समाजाचे जुने सण हाईम शमुएल केहीमकर यांनीं नोंदून ठेविले आहेत. त्यांचा इतिहास १८९७ सालीं लिहून पुरा झाला, पण छापून निघाला तो १९३७ सालीं, तेल अवीव येथें. ते सण पाहिले तर एक गोष्ट तत्काळ ध्यानांत येते. नांवें सर्व मराठी आहेत, आणि बहुतेक घरच्या वस्तूंवरून पडलेलीं आहेत. नववर्षाचा तो नव्याचा सण. त्यामागून तीन दिवसांनीं खिरीचा सण; त्या दिवशीं नव्या धान्याची खीर करून ऊद जाळावयाचा. प्रायश्चित्ताचा महान् दिवस, जो सर्व जगांतील यहुदी उपोषणानें पाळतात, तो येथें दारफाळणीचा सण. त्या दिवशीं दारें लावून, पांढरीं वस्त्रें नेसून, बाहेरच्यांचा स्पर्श टाळून घरांत राहावयाचें. त्याच्या दुसऱ्या दिवशीं शिळा सण. अबच्या नवमीस, यरुशलेमचें मंदिर उध्वस्त झाल्याच्या दुःखाचा जो उपवास, तो बिरड्याचा रोजा, कारण त्या वेळीं बिरडें खाण्याचा परिपाठ होता. आणि ज्या वल्हांडणाची कथा हा तोरेचा कणा, त्याचें नांव अनशी ढाकाचा सण, म्हणजे आंबट रसाचें भांडें झांकून ठेवण्याचा सण. खमीर वर्ज्य करणें हा विधि. त्यांतील भांडें झांकण्याची कृति राहिली, मिसर देश व फारो राजा मात्र गेले.

मंदिराचा विध्वंस आणि वालाचें बिरडें! एखाद्यास यांत ऱ्हास दिसेल. आम्हांस त्यांत धारणाशक्ति दिसते. ज्यांच्याजवळ पोथी नाहीं, उपाध्याय नाहीं, लिपि वाचणारा कोणी नाहीं, त्यांनीं तिथि चुकूं दिली नाहीं. ती सांभाळली कोणीं? खीर शिजविणाऱ्या व भांडें झांकणाऱ्या हातांनीं. दावीद रहाबीची जी आख्यायिका हा समाज सांगतो तीही येथें साक्ष देते. हा यहुदी गृहस्थ कोंकणांत आला. हे लोक खरोखर यहुदी आहेत काय हें पाहण्यासाठीं त्यानें बायकांपुढें नाना प्रकारचे मासे रांधावयास ठेविले, व त्यांनीं पंख आणि खवलें नसलेले मासे निवडून बाजूस सारले. रहाबीचा काळ परंपरा फार मागें नेते. संशोधक त्याची सांगड बहुधा अठराव्या शतकांतील कोचीनच्या रहाबी घराण्याशीं घालतात. काळ कोणताही असो, आख्यायिकेचें मर्म परीक्षेच्या स्थळांत आहे. परीक्षकानें पुरुषांस मंत्र विचारिले नाहींत. तो चुलीपाशीं गेला.

मंत्र एक उरला होता, तो "शेमा". ईश्वर एक आहे असें सांगणारें हें वाक्य जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक प्रसंगीं म्हटलें जाई. तोरेंत या वाक्याच्या पुढेंच आज्ञा आहे कीं, हीं वचनें आपल्या मुलांच्या मनावर ठसवावीं, घरीं बसतां, वाटेनें चालतां, निजतां व उठतां तीं बोलावीं. पुढील आज्ञा ज्यांस ठाऊक नव्हती त्यांनीं ती पाळली. तेव्हां "विसरले होते" हें मत अर्धेंच खरें ठरतें. अर्थवाद विसरला होता, विधि नाहीं. मुलाचा प्रश्न घरांत शिल्लक होता. उत्तर तेवढें हरवलें होतें.

उत्तर परत आलें तें अनेक वाटांनीं. कोचीनहून शिक्षक आले. मुंबईंत १७९६ सालीं सामाजी हसाजी दिवेकर यांनीं पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. अमेरिकन मिशनच्या शाळांत या समाजाचीं मुलें शिकूं लागलीं. १८२९ सालीं मुंबईस आलेल्या जॉन विल्सन यांनीं १८३२ मध्यें मराठींतून इब्री व्याकरण छापिलें. पाद्र्यांचा हेतु उघड होता. तो साधला नाहीं, पण भाषा आली. मग समाजानें स्वतः हातीं लेखणी घेतली. शाळेचे मुख्याध्यापक योसेफ यहेज्केल राजपूरकर (१८३४-१९०५) यांनीं प्रार्थनाग्रंथ मराठींत उतरविले. हग्गादा मराठी भाषांतरासह मुंबईस १८४६ सालीं शिळाछापावर निघाली, व पुनः १८७४ सालीं पुण्यास.

या पुण्याच्या हग्गादेपाशीं थोडें थांबणें अवश्य आहे. प्रकाशक मोशे याकोब तळकर व अहरोन दानिएल तळकर. छापखाना विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांचा. बेखमीर भाकरीची पोथी अग्निहोत्र्यांच्या छापखान्यांतून बाहेर पडावी, हा योगायोग आमच्यासारख्या जुन्या संस्कृत शिक्षकास कौतुकाचा वाटल्यावांचून राहत नाहीं. या पोथींत सणाच्या तयारीचीं चित्रें आहेत. युरोपांत छापलेल्या हग्गादांत अशीं चित्रें पूर्वींपासून होतीं. चित्रकारानें त्यांचा आधार घेतला, पण भाकरी करणाऱ्या बायांस त्यानें लुगडीं नेसविलीं व जमिनीवर कामास बसविलें. या एका बदलांत तिचें सारें भाषांतराचें तत्त्व आहे. मिसरांतून सुटलेल्या गुलामांची कथा ज्या घरांत सांगावयाची, त्या घरांतील बाई पानावर दिसली पाहिजे, हें कोणास तरी कळलें होतें. शब्दांच्या भाषांतरास ही उंची साधत नाहीं. शब्दशः केलेल्या प्रार्थना अचूक असतील. परंतु इब्री वाक्याच्या मागोमाग मराठी शब्द ठेवीत गेल्यास मराठी वाक्य लंगडूं लागतें, आणि ज्या बाईस वाचतां येत नाहीं तिच्यापर्यंत अचूकपणा पोंचतच नाहीं.

म्हणून १८८० च्या सुमारास मुंबईंत या समाजानें कीर्तनाचा आरंभ केला, तो केवळ अनुकरण म्हणून सोडून देण्याजोगा नाहीं. बेंजामिन शिमशोन अष्टमकर, दावीद हाईम दिवेकर प्रभृति मंडळींनीं जुन्या करारांतील चरित्रें आख्यानरूपानें रचिलीं व गाइलीं. ओवी, अभंग, आर्या, साकी, दिंडी, पदें, सर्व सरंजाम हरिदासाचा. विषय अब्राहाम, योसेफ, मोशे, दावीद, एस्तेर. विसाव्या शतकांत स्त्रियाही कीर्तनास उभ्या राहिल्या. मूर्तिपूजेचा निषेध हा ज्या धर्माचा पाया, त्यानें हें वाहन निवडिलें यांत कित्येकांस विसंगति वाटते. पण आख्यानाचा सांगाडा कोणत्याही देवतेस बांधलेला नाहीं. पूर्वरंगांत सिद्धान्त मांडावा व उत्तररंगांत त्याचें उदाहरण म्हणून कथा सांगावी, हा तर विधि-अर्थवादाचाच लौकिक अवतार झाला. तोरेच्या घडणीस एवढा जवळचा सांचा मराठींत दुसरा नव्हता. मंदिरांतील इब्री वाचन ज्यांच्या डोक्यावरून जाई, त्या बायकामुलांस प्रथमच आपल्या सणांमागील गोष्ट आपल्या चालींत ऐकूं आली.

मात्र प्रत्येक कथा या सांच्यांत सारखी बसत नाहीं. योसेफाची कथा सर्वांत चांगली बसते, आणि तिचें कारण उघड आहे. एका घरांत चार बायांचीं मुलें, बापाचें एकावर अधिक प्रेम, त्याला दिलेला भरजरी झगा, भावांचा मत्सर, परदेशीं विक्री, आणि शेवटीं दुष्काळांत धान्यासाठीं त्याच भावापुढें हात पसरणें. एकत्र कुटुंबांतील श्रोत्यास यांतील एकही पात्र समजावून द्यावें लागत नाहीं. शिवाय वाचकांनीं हेंही स्मरावें कीं, हीं कीर्तनें उभीं राहिलीं तेव्हां १८७६ ते १८७८ चा दुष्काळ मुंबई इलाख्यांत नुकताच होऊन गेला होता. धान्याच्या कोठारांची गोष्ट त्या श्रोत्यांस जुनी वाटण्याचें कारण नव्हतें.

अब्राहामाच्या कथेंत सांचा ताणला जातो. वृद्धपणीं झालेला पुत्र इसहाक यास बळी देण्याची आज्ञा होते. बाप पहाटे उठून निघतो. सुरी उचलल्यावर दूत हांक मारून त्यास थांबवितो. मूळ कथा विलक्षण त्रोटक आहे. तींत कोणी रडत नाहीं. आई सारा हिचें नांवही त्या प्रसंगांत नाहीं. आतां मराठी श्रोत्याचा कान कसा घडला आहे तें पाहा. त्यानें श्रियाळ-चांगुणेची कथा लहानपणापासून ऐकिली आहे. अतिथीसाठीं चिलया बाळ कांडावा लागतो, आणि त्या कथेचा सारा भार आईवर आहे. उखळापाशीं ती उभी आहे. श्रीधराच्या शिवलीलामृतांत ती आहे, श्रावणांत श्रियाळषष्ठीस ती घरोघर आठवली जाते. ऐतरेय ब्राह्मणांतील शुनःशेपाच्या कथेंतही, बाप थोरल्यास व आई धाकट्यास सोडीना म्हणून मधला विकला गेला, एवढी तरी आई दिसते. असा कान असलेली कोंकणी यहुदी बाई कीर्तनास बसली तर ती विचारणारच: सारा कोठें होती?

हा प्रश्न परका नाहीं. यहुदी भाष्यकारांनींही तो पूर्वींच विचारिला होता. बलिदानाच्या प्रसंगामागोमाग, पुढल्याच अध्यायांत, एकशें सत्तावीस वर्षांच्या सारेच्या मरणाची वार्ता येते. ती ही हकीगत ऐकूनच गेली, असा अर्थ त्यांनीं त्या सान्निध्यांतून काढिला. येथें कीर्तनकारापुढें दोन वाटा असतात. करुणरसाच्या ओघांत साराबाईस चांगुणेसारखें रडवावें, किंवा मूळ कथेचें मौन राखून तिचें मरण मागाहून सांगावें. पहिल्या वाटेनें श्रोत्यांच्या डोळ्यांस पाणी येतें. दुसरी अधिक कठीण, पण कथेस शोभणारी. चिलया बाळ पुन्हा उठतो व आई सुखी होते. इसहाकही वांचतो, परंतु आई परत मिळत नाहीं. हा भेद जो कीर्तनकार पुसून टाकतो त्यानें तोरेची कथा मराठींत आणिली नाहीं, मराठी कथेस इब्री नांवें दिलीं.

मोशेच्या चरित्राविषयीं आमचा आक्षेप याहून मोठा आहे. आख्यानास नायक लागतो. त्याचा जन्म, संकट, प्रताप, अंत, या क्रमानें कथा चालते. याउलट हग्गादेंत मोशे जवळजवळ येतच नाहीं. एवढ्या लांब कथनांत त्याचें नांव ओझरतें आढळतें. सुटका ईश्वरानें केली, मनुष्यानें नव्हे, हें मुलाच्या मनावर बिंबावें असाच त्याचा हेतु समजला जातो. नायक काढून घेतल्यावर रिकाम्या जागीं कोण बसतो? ज्याचें घर तो. आपणच मिसरांतून निघालों असें प्रत्येकानें मानावें, अशी त्या पोथीची मागणी आहे. कीर्तन हें करूं शकत नाहीं. तें मोशेस उभा करून आपणांस श्रोते करितें. आणि श्रोत्यांत मूलही आलें. सणाच्या रात्रीं जें विचारीत होतें, तें कीर्तनांत गप्प बसून ऐकतें. आमच्या वऱ्हाडांत गाडगे महाराजांनीं (१८७६-१९५६) श्रोत्यांस एकामागून एक प्रश्न विचारून कीर्तन त्यांच्याच तोंडून पुढें नेण्याची रीत रूढ केली. पण तेथेंही विचारणारे महाराजच. मुलाकडून प्रश्न काढून घेणें ही कीर्तनप्रकाराची मर्यादा आहे, या कीर्तनकारांचा दोष नव्हे. गुणदोष तोलतां आम्हांस कीर्तनाचें पारडें जड वाटतें, कारण त्यानें आयांस उत्तर दिलें. आणि घरीं गेल्यावर मुलें प्रश्न विचारीत तो त्यांनाच.

विधि व कथा यांची पूर्ण एकवाक्यता कोंकणांत एकाच ठिकाणीं झाली, असें आम्हांस वाटतें. आणि गंमत अशी कीं, ती कथा तोरेंतील नव्हे, पुढच्या राजांच्या ग्रंथांतील आहे. एलीया संदेष्टा अग्निरथांतून स्वर्गीं गेला, मेला नाहीं. सुंतेच्या वेळीं त्याच्यासाठीं आसन मांडावें व वल्हांडणाच्या रात्रीं पेला भरावा, हें सर्वत्रच्या यहुद्यांत आहे. बेने इस्राएल मात्र त्यास "एलियाहू हनाबी" म्हणून घरच्या वडिलाप्रमाणें बोलावितात. नवस फेडण्याच्या, लग्नाच्या, नव्या घराच्या वेळीं मलिद्याचें तबक करावयाचें. पोहे भिजवून त्यांत गूळ व खोबरें घालावयाचें, वर फळें मांडावयाचीं, त्यावर इब्री आशीर्वाद म्हणावयाचे, मग प्रसाद वांटावयाचा. अलिबागेजवळील खंडाळा येथें एलीयाचा रथ उतरला, त्याची खूण खडकावर आहे, अशी श्रद्धा असून लोक तेथें नवस फेडावयास जातात.

महानुभावांच्या रिद्धपूरपासून जे फार दूर नाहींत, त्या आम्हां अकोलेकरांस ही वृत्ति ओळखीची आहे. स्थानपोथींत लीळा जेथें घडली ती जागा, दिशा व अंतर नोंदून ठेवितात, कारण जागेवांचून लीळेचें स्मरण पुरें होत नाहीं. पण तेथें अवतार खरोखरच गोदातीरीं व वऱ्हाडांत वावरला होता. कोंकणच्या यहुद्यांनीं दूरच्या देशांतील पुरुष आपल्या खडकावर उतरविला. यास मिलाफ म्हणणें वरवरचें आहे. कथा आपल्या घरीं आली पाहिजे, हा जो तोरेचाच आग्रह, तो त्यांनीं पोहे व खोबरें यांनिशीं पाळला.

"विसरले होते" या मताची किंमत पुढें या लोकांस द्यावी लागली. १९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्राएलांत गेला. तेथें १९६२ च्या सुमारास धर्मपीठानें त्यांच्या विवाहसंबंधांविषयीं शंका घेतली: इतकीं शतकें धर्मशास्त्राशीं संबंध तुटलेल्यांची कुळें शुद्ध कशीं मानावीं? समाजानें चळवळ केली, आणि १९६४ सालीं तेथील विधिमंडळानें ते सर्वथा यहुदी आहेत असें ठरविलें. पोथीवरूनच धर्म मोजणाऱ्यांस झांकलेलें भांडें पुरावा म्हणून दिसत नाहीं.

आतां दिमोना, अश्दोद, बेर-शेबा, लोद या गांवांत जीं घरें आहेत, तेथें स्थिति उलटली आहे. तेथल्या नातवंडांस योसेफ व मोशे शाळेंतच इब्रींतून कळतात. "मायबोली" हें मराठी नियतकालिक त्या देशांतून निघालें, मराठी कीर्तनेंही तेथें झालीं. पण मुलांची भाषा इब्री झाली आहे. कथा त्यांस येते. तबकांत पोहे कां, हें येत नाहीं. आणि त्याचें उत्तर मराठींत आहे. तें आख्यानांच्या ज्या लहान लहान छापील पुस्तिकांत आहे त्यांचा कागद हलका होता. आपल्या संशोधक मंडळांनीं बखरींच्या, महजरांच्या, पोवाड्यांच्या याद्या केल्या. या पुस्तिका मराठी असून त्या यादींत बसल्या नाहींत, कारण त्यांवरील नांवें इब्री आहेत. मुंबई, ठाणें, पेण, अलिबाग येथील घरांतून अजून ज्या प्रती मिळतील त्यांचा कर्ता, छापखाना, शक, आख्यानाचा विषय व त्यांतील वृत्तें यांची एक साधी यादी प्रथम व्हावी. त्यासोबत प्रत्येक घरच्या वृद्ध स्त्रीस तिच्या लहानपणचे सण कोणत्या पदार्थावरून ओळखले जात, हेंही विचारून लिहून घ्यावें. बिरड्याचा रोजा हें नांव पुस्तिकेंत सांपडणार नाहीं.